सुरत–बऱ्हाणपूर व्यापारमार्गावरील सांस्कृतिक मध्यस्थी

सुरत–बऱ्हाणपूर व्यापारमार्ग हा मुघल काळात अरबी समुद्रावरील सुरत बंदराला खानदेशातील बऱ्हाणपूर शहराशी आणि तेथून पुढे आग्र्याशी जोडणारा खुष्कीचा मार्ग होता. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर आणि नंदुरबार ही या मार्गावरील मुक्कामाची ठिकाणे होती. सतराव्या शतकात इंग्रज, डच, फ्रेंच, इराणी, तुर्की आणि आर्मेनियन व्यापारी या वाटेने ये-जा करीत. त्यांचा व्यवहार गुजराती वाणी, बोहरा व पारशी व्यापारी, मुघल अंमलदार, खानदेशातील विणकर आणि बैलांचे तांडे हाकणारे बंजारा यांच्याशी होई. या सर्वांची भाषा, धर्म, आहार, कालगणना, वजन-मापे आणि शिष्टाचार वेगवेगळे होते.

हे फरक कोणी मिटविले नाहीत. त्यांच्यासह व्यापार करता येईल अशा पद्धती मात्र हळूहळू घडत गेल्या. दलाल, दुभाषी, सराफ व सावकार, हुंडी, नजराणा आणि लेखी करार ही त्यातील प्रमुख साधने होत. आंतरराष्ट्रीय व्यवसायातील सांस्कृतिक फरकांच्या व्यवस्थापनाचा आज व्यवस्थापनशास्त्राची शाखा म्हणून अभ्यास होतो. त्या विषयाचे एक जुने आणि महाराष्ट्राच्या भूमीवरील उदाहरण म्हणून या मार्गाकडे पाहता येते.

मार्ग आणि परिसर

सुरतेहून निघालेला काफिला बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर आणि चोपडा या मार्गाने बऱ्हाणपुरास पोहोचे. पुढे असीरगडाजवळून जाऊन नर्मदा ओलांडली की वाट सिरोंज व ग्वाल्हेरवरून आग्र्याकडे जाई. सुरतेहून आग्र्यास जाण्याचा दुसरा मार्ग अहमदाबादवरून होता. अकबराने १५७३ मध्ये सुरत आणि १६०१ मध्ये असीरगड जिंकल्यानंतर या मार्गाचे दोन्ही टोकांकडील प्रदेश मुघल सत्तेखाली आले. ‘ऐन-इ-अकबरी’त नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एक सरकार, म्हणजे महसुली विभाग, म्हणून नोंदलेले आहे.

नंदुरबारचा परदेशी प्रवाशांशी संबंध याहूनही जुना आहे. दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून १३४२ मध्ये चीनकडे निघालेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारास आला होता. येथील मराठी लोक कारागिरीत निपुण असून त्यांच्यात वैद्य व ज्योतिषी आहेत, असे त्याने लिहिले. ते भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जनावरांना इजा करणे त्यांना आवडत नाही, जेवणापूर्वी ते स्नान करतात आणि जवळच्या नात्यात विवाह करीत नाहीत, या गोष्टीही त्याने टिपल्या. परक्या माणसाच्या नजरेस प्रथम काय पडते, हे या नोंदीवरून कळते. बाजारभावापेक्षा आहार, शुचिता आणि नाती यांतील वेगळेपण त्याला अधिक ठळक वाटले. पुढील तीन शतकांत या मार्गावरील व्यवहारात याच बाबी पुन्हा पुन्हा पुढे आल्या.

फ्रेंच जवाहिर झां-बातिस्त ताव्हेर्निये याने सतराव्या शतकात भारताच्या अनेक फेऱ्या केल्या. त्याचा प्रवासग्रंथ १६७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवापूर हे विणकरांचे मोठे गाव असून तेथील मुख्य व्यापार तांदळाचा असल्याचे म्हटले आहे. हा तांदूळ बारीक दाण्याचा, शिजल्यावर अतिशय शुभ्र दिसणारा आणि कस्तुरीसारख्या सुगंधाचा असे. इराणात कोणास मानाची भेट द्यावयाची झाल्यास या तांदळाचे पोते नेत, अशीही नोंद त्याने केली आहे. नवापूरच्या शेतातील धान्य अशा प्रकारे परदेशी शिष्टाचाराचा भाग बनले होते.

सांस्कृतिक फरकांची क्षेत्रे

भाषा आणि लिपी. मुघल दरबाराचा आणि सरकारी कागदपत्रांचा व्यवहार फार्सीत चाले. सुरतेतील वाणी व्यापाऱ्यांच्या वह्या गुजरातीत, शिरोरेखा नसलेल्या महाजनी वळणाच्या लिपीत असत. मराठी मुलखातील दप्तर मोडी लिपीत लिहिले जाई. नंदुरबार परिसरात मराठीबरोबर अहिराणी, भिल्ली आणि गुजराती बोली कानी पडत. युरोपीय व्यापाऱ्यांत किनाऱ्यावर परस्परांशी बोलण्यासाठी पोर्तुगीज भाषा उपयोगी पडे.

एखादी समान भाषा गवसली की व्यवहार किती सुकर होई, याचे उदाहरण विल्यम हॉकिन्सच्या प्रवासात आढळते. हा इंग्रज कप्तान १६०८ मध्ये सुरतेस आला आणि १६०९ मध्ये बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. त्याला तुर्की येत होती. बऱ्हाणपुरास खानखानान अब्दुर्रहीम आणि आग्र्यास जहांगीर बादशहा यांच्याशी तो दुभाष्यावाचून तुर्कीत बोलू शकला. जहांगिराने त्याला दरबारात मनसब दिली.

दरबारी शिष्टाचार. मुघल पद्धतीत कनिष्ठाने वरिष्ठापुढे कुर्निसात किंवा तस्लीम करावी, नजराणा ठेवावा आणि आज्ञेची वाट पाहावी, असा रिवाज होता. युरोपीय वकील स्वतःला आपल्या राजाचा प्रतिनिधी समजत. परक्या राजापुढे सेवकाप्रमाणे वाकणे त्यांना स्वतःच्या राजाचा अपमान वाटे.

आहार आणि जीवदया. सुरतेतील वाणी समाजात जैन व वैष्णव मोठ्या संख्येने होते. प्राणिहत्या त्यांना असह्य होती. आजारी व म्हाताऱ्या जनावरांसाठी सुरतेजवळ पांजरपोळ चाले. इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने १६८९ च्या सुमारास ते पाहून त्याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या बाजूस इंग्रजांच्या वखारीत मांसाहार रोजचा होता. वखारीत इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन प्रकारचे आचारी असत, असेही ओव्हिंग्टन सांगतो.

वजन, मापे आणि नाणी. ‘मण’ हा शब्द सर्वत्र एकच असला तरी वजन एक नव्हते. अकबरी मण सुमारे २५ किलोग्रॅमचा, जहांगिरी मण सुमारे ३० किलोग्रॅमचा आणि शाहजहानी मण सुमारे ३३.५ किलोग्रॅमचा होता. सुरतेचा स्थानिक मण याहून लहान, सुमारे १५ किलोग्रॅमचा असे. तोही १६३० नंतरच्या दशकात सुमारे १७ किलोग्रॅमपर्यंत वाढविण्यात आला. सौद्यात कोणता मण धरला आहे, हे आधी ठरविले नाही तर दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही भांडण होई.

नाण्यांची स्थिती अशीच होती. मुघल रुपयाबरोबर बागलाणच्या राजाच्या मुल्हेर येथील टांकसाळीतली महमुदी नाणी सुरतेच्या बाजारात चालत. युरोपीय व्यापारी स्पेनचे चांदीचे रियाल आणीत. नवा शिक्का मारलेला रुपया आणि वापरून जुना झालेला ‘चलनी’ रुपया यांच्या किमतीतही फरक असे. हा फरक म्हणजे बट्टा, आणि तो सराफ ठरवीत.

कालगणना. मुघल कचेऱ्यांत हिजरी सन, गुजराती वह्यांत कार्तिक शुद्ध प्रतिपदेस सुरू होणारे विक्रम संवत आणि मराठी मुलखात चैत्रात सुरू होणारा शक वापरात होता. फ्रेंच व पोर्तुगीज नवे ग्रेगरी पंचांग वापरीत. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन पंचांगास धरून राहिले. त्यामुळे सतराव्या शतकात त्यांची तारीख दहा दिवस मागे असे. शिवाय त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी ते मार्चमधील इंग्रजी पत्रांवरील सन म्हणूनच अभ्यासकांना जपून वाचावा लागतो. कर्जाची किंवा हुंडीची मुदत कोणत्या पंचांगाने मोजावयाची, हा त्या काळी रोजच्या हिशेबाचा प्रश्न होता.

मध्यस्थीची साधने

दलाल. परदेशी व्यापाऱ्याच्या आणि बाजाराच्या मध्ये उभा राहणारा सर्वांत महत्त्वाचा माणूस दलाल होय. तो मालाची पारख करी, विणकरांना आगाऊ रक्कम पोहोचवी, भाव ठरवी आणि सौदा बिनसल्यास समेट घडवी. कोणत्या अंमलदाराला केव्हा भेटावे, नजराण्यात काय न्यावे आणि कोणत्या सणाला बाजार बंद राहील, हेही तोच सांगे. इंग्रज कंपनीच्या दलालांत सुरतेचा भीमजी पारेख आणि पुढे पारशी समाजातील रुस्तम माणेक ही नावे प्रसिद्ध आहेत. वीरजी व्होरा हा सुरतेचा धनाढ्य व्यापारी कंपनीला कर्जे देत असे. त्याचे आडते बऱ्हाणपुरासह अनेक पेठांत होते.

दलालाची जागा मुळातच दुहेरी होती. त्याला दोन्ही पक्षांच्या रीतिभाती ठाऊक असल्यामुळेच तो उपयोगी ठरे. आणि त्याच कारणाने कोणताही पक्ष त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवीत नसे. कंपनीच्या पत्रव्यवहारात दलालांविषयी तक्रारी वारंवार येतात, परंतु त्यांच्यावाचून काम चालविण्याचे प्रयत्न क्वचितच यशस्वी झाले.

दुभाषी आणि मुन्शी. शब्दांचे भाषांतर करणे हे दुभाष्याचे अर्धेच काम होते. दरबारातील भाषेत किती नम्रता हवी, नकार कसा सांगावा आणि कोणती गोष्ट बोलूच नये, याचे भान त्याला ठेवावे लागे. फार्सी अर्ज लिहिण्यासाठी मुन्शी नेमीत. मराठी इतिहासात या संदर्भात नारायण शेणवी याचे नाव येते. मुंबईकर इंग्रजांच्या वतीने त्याने रायगडावर शिवाजी महाराजांशी चाललेल्या वाटाघाटींत दुभाष्याचे काम केले.

हुंडी आणि सराफी. रोख रक्कम घेऊन या वाटेने जाणे धोक्याचे होते. बऱ्हाणपूर किंवा आग्रा येथे सराफाकडे पैसे देऊन त्याच्या सुरतेतील पेढीवरची हुंडी घेतली की धोका टळे. दर्शनी हुंडीचे पैसे ती दाखविताच मिळत, तर मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनंतर. माल सुखरूप पोहोचला तरच देय होणारी जोखमी हुंडीही प्रचारात होती. तिच्यात कर्ज आणि विमा यांचा मेळ होता. ताव्हेर्नियेने सुरतेवरील हुंड्यांचे दर दिले आहेत. बऱ्हाणपूरच्या हुंडीवर अडीच ते तीन टक्के, आग्र्याच्या हुंडीवर सव्वाचार ते पाच टक्के आणि ढाक्याच्या हुंडीवर दहा टक्के आकार पडे. अंतर आणि धोका वाढला की दर वाढे.

सांस्कृतिक दृष्टीने हुंडीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यासाठी दोन्ही पक्ष एका धर्माचे, एका भाषेचे किंवा एका राजाचे प्रजाजन असण्याची गरज नव्हती. हुंडीमागे पेढीची पत उभी असे. हुंडी नाकारणाऱ्या पेढीची अब्रू सर्व पेठांत जाई आणि या भीतीचा धाक पुष्कळदा पुरेसा ठरे.

बोटांची भाषा. ताव्हेर्नियेने दक्षिणेतील हिऱ्यांच्या खाणींवर पाहिलेली सौद्याची एक रीत नोंदवून ठेवली आहे. विकणारा व घेणारा समोरासमोर बसून कमरेच्या शेल्याखाली एकमेकांचे हात धरीत आणि तोंडाने एक शब्दही न बोलता भाव ठरवीत. पूर्ण पंजा धरला तर एक हजार, पाचही बोटे धरली तर पाचशे, एक बोट धरले तर शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट धरले तर पन्नास आणि टोकाचे पेर धरले तर दहा असा संकेत होता. भाषा वेगळी असली तरी या रीतीने सौदा करता येई आणि जवळ बसलेल्यास भाव कळत नसे. रुमालाखाली हात धरून भाव करण्याची पद्धत महाराष्ट्रातील जनावरांच्या बाजारांना अपरिचित नाही.

बंजारा तांडे. मालाची मोठी वाहतूक बंजारा समाजाच्या बैलांवरून होई. इंग्रज व्यापारी पीटर मंडी याने १४,००० बैलांचा एक धान्यवाहू तांडा पाहिल्याचे लिहिले आहे. हे लोक एखाद्या राजाचे नोकर नसून स्वतंत्र वाहतूकदार होते. धान्यपुरवठ्यासाठी सर्वच सैन्यांना त्यांची गरज भासे. म्हणून युद्धकाळातही त्यांना सहसा वाट मिळे.

शिष्टाचाराचे पेच

सर टॉमस रो हा इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेस उतरला. ऑक्टोबरअखेर निघून तो याच मार्गाने नोव्हेंबरच्या मध्यास बऱ्हाणपुरास पोहोचला. तेथे जहांगिराचा मुलगा शहजादा परवेझ याचा मुक्काम होता. भेटीस जाताना कोतवालाने रो याला जमिनीला मस्तक टेकण्याचा रिवाज सांगितला. आपण मानाने भेटीस आलो असून सेवकांचे रिवाज आपल्याला लागू नाहीत, असे सांगून त्याने नकार दिला. मग त्याने वर, शहजाद्याजवळ जाण्याची परवानगी मागितली. ती इराणच्या शहालाही मिळणार नाही, असे उत्तर आले. बसायला खुर्ची मागितली. तीही नाकारण्यात आली. शेवटी छताला आधार देणाऱ्या एका खांबाला टेकून उभे राहण्याची मुभा त्याला मिळाली.

या प्रसंगाचा शेवट लक्षात घेण्यासारखा आहे. रो जमिनीपर्यंत वाकला नाही आणि दरबारात खुर्चीही आली नाही. दोघांचाही मान राहील अशी जागा खांबाशी सापडली. त्यानंतर रो याने बऱ्हाणपुरास इंग्रजांना वखार काढण्याची परवानगी मागितली आणि शहजाद्याने ती तत्काळ दिली. मानापमानाचा प्रश्न सुटला तेव्हा व्यापाराचा प्रश्न अवघड राहिला नाही.

मुघल दरबारातील रो याचे मोठे उद्दिष्ट मात्र साध्य झाले नाही. त्याला दोन समान राजांमधील कायमचा तह हवा होता. मुघल राज्यपद्धतीत बादशहा परदेशी व्यापाऱ्यांना कृपा म्हणून फर्मान देई. व्यापाऱ्यांच्या राजाशी बरोबरीच्या नात्याने तह करण्याची कल्पना तेथे रुजलेली नव्हती. तीन वर्षांहून अधिक काळ राहून रो १६१९ मध्ये परतला तो फर्माने घेऊन, तहाविना. येथे शब्दांचे भाषांतर अचूक असूनही उपयोग नव्हता, कारण ‘करार’ म्हणजे काय याविषयीच दोन्ही बाजूंची समजूत निराळी होती.

याउलट उदाहरण १६७४ च्या इंग्रज–मराठा तहाचे आहे. हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील राज्याभिषेकाच्या सुमारास रायगडावर आला. इंग्रजांच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या. दोन कलमांवर मात्र स्थानिक रिवाज आडवा आला. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत करावा, ही मागणी कोकणातील रिवाजाविरुद्ध होती. ती इंग्रजांना मान्य केली तर फ्रेंच, डच व इतरही तेच मागतील, असा आक्षेप होता. इंग्रजांची नाणी राज्यात चालावीत, या कलमावर महाराजांचे म्हणणे असे, की नाण्याचे वजन व कस पाहून लोक ते घेतील, प्रजेवर सक्ती करता येणार नाही. येथे मतभेद कलमवार मांडले गेले, कारणे सांगितली गेली आणि बाकीचा तह पार पडला.

धर्मस्वातंत्र्य आणि व्यापार

फरकांचा मान राखला नाही तर व्यापाराचे काय होते, हे सुरतेने १६६९ मध्ये पाहिले. शहराच्या काझीकडून होणाऱ्या धर्मविषयक जुलमाला कंटाळून सप्टेंबर महिन्यात सुमारे ८,००० वाणी घरदार सोडून भडोचला निघून गेले. त्यांच्या पुढाऱ्यांत भीमजी पारेख होता. सुरतेचा बाजार ओस पडला, सराफी थांबली आणि टांकसाळ व जकात यांचे उत्पन्न घटले. सुरक्षिततेचे आश्वासन मिळाल्यावर वर्षअखेरीस हे लोक परतले. शस्त्र न उचलता केवळ व्यवहार थांबवून त्यांनी आपले म्हणणे मान्य करविले. इतक्या व्यवहारांचा भार मध्यस्थांच्या एका समाजावर होता, हेही त्यातून उघड झाले.

इंग्रजांनी यातून बोध घेतला. मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आले होते. सुरतेचा इंग्रज अध्यक्ष जेराल्ड ऑन्जिअर याला तेथे व्यापारी वसवावयाचे होते. दीवचा व्यापारी निमा पारेख याच्याशी १६७७ मध्ये झालेला करार या धोरणाचे फलित मानला जातो. निमा पारेखाच्या समाजाच्या वस्तीच्या आवारात कोणी प्राणिहत्या करू नये, त्यांना रीतीप्रमाणे प्रेतदहन व विवाह करता यावेत, कोणावर ख्रिस्ती होण्याची सक्ती नसावी आणि पहाऱ्याच्या कामातून त्यांना सूट असावी, अशा आशयाच्या अटी त्यात होत्या. आधी जे दलालाच्या चातुर्यावर किंवा अंमलदाराच्या मर्जीवर अवलंबून होते, ते येथे लेखी हक्काच्या रूपात आले.

मर्यादा

या मार्गावरील मध्यस्थीचे चित्र केवळ यशाचे नाही. ती प्रामुख्याने व्यापारी, सावकार व अंमलदार यांच्यामधील होती. ज्याच्या मालावर सारा व्यापार उभा होता तो विणकर आगाऊ घेतलेल्या रकमेने बांधला गेलेला असे आणि वाटाघाटीत त्याला स्वतंत्र आवाज नसे.

ही उणीव १६३० ते १६३२ च्या दुष्काळात स्पष्ट झाली. गुजरातेत तो विक्रम संवत १६८७ वरून ‘सत्याशियो’ म्हणून ओळखला जातो. पीटर मंडी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे जाताना नंदुरबारास थांबला, तेव्हा गावाभोवती इतकी प्रेते पडली होती की तंबू ठोकण्यास जागा शोधणे कठीण झाले. वाटेवरील विणकर मेले किंवा परागंदा झाले. पुढे कित्येक वर्षे कापडाचा व्यापार सावरला नाही आणि युरोपीय कंपन्यांनी कापडासाठी इतर प्रांतांकडे अधिक लक्ष वळविले. हुंडी, दलाली आणि शिष्टाचार यांची उत्तम घडी बसली असतानाही ज्यांच्या श्रमावर ती बसली होती त्यांना तिने वाचविले नाही.

दुसरी मर्यादा साधनांची आहे. या मार्गाविषयीची बरीचशी माहिती परदेशी प्रवाशांच्या व कंपन्यांच्या नोंदींतून मिळते. त्यांत भिल्ल व इतर आदिवासी समाज बहुधा वाटेवरील भय म्हणून येतात. त्यांच्या मुलखातून वाट जात होती, जंगल व पाण्यावर त्यांचा वहिवाटीचा हक्क होता आणि वाटसरूंना त्यांची माहिती व सोबत उपयोगी पडत होती, हा भाग नोंदींत क्वचितच उमटतो. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. म्हणून या प्रदेशाचा व्यापारी इतिहास वाचताना ही अनुपस्थिती ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

आधुनिक अभ्यासाशी संबंध

विसाव्या शतकात सांस्कृतिक फरकांचा व्यवसायाच्या अंगाने पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल याने १९७६ मध्ये संस्कृतींचा विचार ‘संदर्भा’च्या आधारे मांडला. काही समाजांत बहुतेक अर्थ उघड शब्दांत सांगितला जातो. काहींत तो प्रसंग, नाते आणि मौन यांतून समजून घ्यावा लागतो. डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टीड याने आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून १९८० मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अधिकारातील अंतर, व्यक्तिवाद किंवा समूहभाव, अनिश्चितता टाळण्याची वृत्ती अशा निकषांवर त्याने देशांची तुलना केली. एका कंपनीच्या पाहणीवरून संपूर्ण देशाविषयी अनुमान काढता येईल का, असा आक्षेप त्यावर घेतला जातो.

सुरत–बऱ्हाणपूर मार्गाचे उदाहरण या आक्षेपास बळ देते. या वाटेवर ‘भारतीय संस्कृती’ आणि ‘युरोपीय संस्कृती’ असे दोनच पक्ष नव्हते. जैन सराफ, मुघल कोतवाल, मराठी दुभाषी आणि बंजारा नायक यांच्या रीती एकमेकांहूनही वेगळ्या होत्या. इंग्रजांचे आणि फ्रेंचांचे पंचांगसुद्धा एक नव्हते. यशस्वी ठरलेल्या पद्धतींत तीन गोष्टी समान दिसतात. मण, बट्टा व मुदत यांसारख्या मोजता येणाऱ्या बाबी आधी स्पष्ट केल्या जात. मान, धर्म व आहार यांसारख्या बाबींत कोणास आपली रीत सोडावयास लावीत नसत. आणि दोन्हीकडची जाण असलेल्या माणसाला मध्यस्थ म्हणून त्याचा मोबदला व प्रतिष्ठा दिली जाई.

नंतरचा काळ

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या मार्गाची भरभराट ओसरू लागली. मराठ्यांनी १६६४ व १६७० मध्ये सुरतेवर स्वाऱ्या केल्या. धरणगाव येथे १६७४ मध्ये निघालेली इंग्रजांची वखार दुसऱ्याच वर्षी लुटीत सापडली. मुंबईचे महत्त्व वाढत गेले तसे सुरतेचे कमी झाले. पुढे तापी खोऱ्यातून सुरत ते जळगाव लोहमार्ग झाला आणि नवापूर व नंदुरबार त्यावर आले. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्गही नवापुरावरून जातो. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ राज्यात प्रसिद्ध आहे, तर शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेतील घोडेबाजारास अनेक राज्यांतून व्यापारी येतात.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा त्यांची सीमा नवापूर रेल्वे स्थानकातून गेली. स्थानकाचा काही भाग एका राज्यात आणि काही दुसऱ्या राज्यात आहे. तेथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत उद्घोषणा होतात. बैलांच्या तांड्यांची वाट जेथून जात होती, त्या गावात एकाच फलाटावर अनेक भाषांची माणसे उभी राहण्याची रीत अशा स्वरूपात आजही टिकून आहे.